वायर पुन्हा ओढता आली पाहिजे

स्लॅब टाकायच्या आदल्या दिवशी बांधकामावर वर चढून पाहावे. सेंटरिंगच्या प्लेटांवर सळयांची जाळी बांधून झालेली असते आणि एक वायरमन, हाताखाली एखादा पोरगा घेऊन, त्या जाळीवरून जपून पावले टाकत पीव्हीसीचे पाइप अंथरत असतो. पंखा लटकायचा तिथे फॅन बॉक्स, दिव्याच्या जागी लहान गोल डबी, आणि तिथून निघालेले पाइप भिंतीच्या रेषेवर खाली सोडलेले. पाइप खालच्या सळईच्या वर ठेवून बांधणीच्या तारेने आवळतात, म्हणजे काँक्रीट ओतताना तो जागचा हलत नाही. डब्यांच्या पोटात रद्दी कागद किंवा भुसा कोंबून तोंडाला चिकटपट्टी लावतात. ती पट्टी लावायचा कोणी कंटाळा केला तर सिमेंटचे पाणी आत उतरते, पाइपाच्या खोलगट भागात साचते आणि तिथेच दगड होऊन बसते. हे कळते काही महिन्यांनी, वायर ओढायला घेतल्यावर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळे पाइप १२५ ते १५० मिलिमीटर काँक्रीटच्या पोटात गेलेले असतात. पंखा कुठे फिरणार, बोर्डापर्यंत किती वायरी जाऊ शकणार, उद्या एखादा दिवा वाढवता येईल की नाही, यातले बरेचसे तेव्हाच ठरून गेलेले असते.

घर घेणाऱ्याला वायरिंग आठवते ती रंगकाम काढल्यावर. तेव्हा त्याची मागणी एकच असते, वायर दिसता कामा नये. मागणी रास्त आहे, पण ती अपुरी आहे. वायर नुसती दिसू नये म्हणून ती गिलाव्यात गाडली तरी काम भागते, आणि घाईच्या कामांत तसे सर्रास केले जाते. माझा आग्रह यापुढचा आहे. भिंतीत किंवा छतात गेलेली प्रत्येक वायर, काहीही न फोडता, एका टोकाने ओढून बाहेर काढता आली पाहिजे आणि तिच्या जागी दुसरी घालता आली पाहिजे. ही एक अट पाळायची ठरवली की पाइप किती जाड, वळणे किती, बोर्ड कुठे, या प्रश्नांची उत्तरे तिच्यातूनच निघतात.

अट एवढी महत्त्वाची का, तर भिंतीचे आयुष्य आणि वायरीचे आयुष्य सारखे नसते. घरात वापरतात ती साधी पीव्हीसी वायर ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापमान सोसेल अशी बनवलेली असते. त्याच्यापुढे ती वारंवार तापू लागली की आवरणाला मऊ ठेवणारा घटक हळूहळू निघून जातो, आवरण कडक होते आणि वाकवले की तडकते. गरजाही बदलतात. १९८०च्या आसपासच्या फ्लॅटमध्ये दोन-तीन पंखे, ट्यूबलाइट, एक फ्रिज आणि १५ अँपिअरचा एखादा पॉइंट एवढ्यावर संसार चाले. अनेक घरांत तेव्हा ॲल्युमिनियमच्या वायरी घातलेल्या होत्या. आज त्याच घरात २००० वॅटचा गीझर एकटाच जवळपास ९ अँपिअर घेतो, शिवाय एसी, इंडक्शन आणि ओव्हन असतो. वायर बदलण्याची वेळ कधी ना कधी येतेच. ज्यांच्या भिंतींत धड पाइप आहेत त्यांचे काम दोन-चार दिवसांत उरकते, बाकीच्यांच्या घरी कटर मशीन येते आणि महिनाभर धूळ खाली बसत नाही.

पाइप असूनही वायर ओढता येत नाही असे घडते. त्याला बहुतेक वेळा वळणे कारणीभूत असतात, आणि यामागचे गणित समजून घेण्यासारखे आहे. होडी धक्क्याला लागली की खलाशी दोराचे दोन-तीन वेढे खांबाला मारतो आणि मग सगळी होडी एका हाताने धरून ठेवतो. वेढ्यागणिक घर्षण नुसते वाढत जात नाही, त्याचा गुणाकार होतो. पाइपातल्या वळणावर वायरीचे नेमके हेच होते. वायर आणि पाइप यांच्यातला घर्षणांक ०.४ धरला, तर एका काटकोनी वळणानंतर ओढायचा जोर जवळजवळ दुप्पट होतो. दुसऱ्या वळणानंतर तो साडेतीनपट, तिसऱ्यानंतर साडेसहापट आणि चौथ्यानंतर बारापट होतो. सुरुवातीला एक किलोचा जोर लागत असेल तर चार वळणांपलीकडे उभ्या असलेल्या माणसाला बारा किलोचा हिसका द्यावा लागतो, आणि एवढ्या जोराने आवरण सोलवटते किंवा वायर ताणली जाऊन बारीक होते. म्हणून दोन डब्यांच्या मध्ये काटकोनी वळणे दोनच असावीत, फार तर तीन. चौथे वळण येणार असेल तर आधी एक जंक्शन बॉक्स बसवावा.

याच गणितातून एक युक्ती निघते, ती जुन्या वायरमनना अनुभवाने ठाऊक असते. वळण जेवढा जोर आत येतो त्याला गुणते. म्हणजे वळणापाशी पोचताना वायरीवर ताण जेवढा कमी तेवढे बरे. त्यामुळे ज्या टोकाजवळ वळणे जास्त आहेत त्या टोकाने वायर आत सरकवावी आणि सरळ भागाच्या टोकाने ओढावी. उलट केले तर तोच पाइप, तीच वायर, पण दोन माणसे लावूनही ती हलत नाही.

वळण कसे आहे यालाही महत्त्व आहे. दुकानात मिळणारा आखूड काटकोनी एल्बो स्वस्त असतो, लावायला सोपा असतो आणि आतून वायरीचा शत्रू असतो. त्याऐवजी लांब वळणाचा बेंड घ्यावा, किंवा पाइपात बेंडिंग स्प्रिंग घालून पाइपच हाताने वळवावा. स्प्रिंग नसताना गरम करून वळवलेला पाइप आतल्या बाजूने चपटा होतो आणि हा चपटेपणा बाहेरून सहज लक्षात येत नाही.

पाइप किती भरावा याचेही माप आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या तक्त्याप्रमाणे २० मिलिमीटरच्या पाइपात १.५ चौरस मिलिमीटरच्या चार-पाच वायरी, २५च्या पाइपात आठ ते दहा. प्रत्यक्षात २०च्या पाइपात सात-आठ वायरी कोंबलेल्या मी पाहिल्या आहेत. त्या जातात, कारण नव्या वायरी गुळगुळीत असतात आणि सगळ्या एकदम ओढलेल्या असतात. पुढे त्यांतली एक काढायची म्हटली की बाकीच्या तिला सोडत नाहीत. खेटून बसलेल्या वायरींची उष्णताही बाहेर पडत नाही. २० आणि २५ मिलिमीटर पाइपांच्या किमतीतला फरक सगळ्या घराच्या खर्चात नगण्य असतो. कंत्राटदाराशी घासाघीस करायचीच असेल तर टाइल्सवर करावी, इथे २५चा पाइप मागून घ्यावा.

आता भिंत. स्लॅबमधून खाली आलेला पाइप बोर्डापर्यंत न्यायला भिंतीत खाच पाडावी लागते. पूर्वी हे काम छिन्नी-हातोड्याने होई, आता कटरने दोन समांतर रेषा मारून मधला भाग उडवतात. विटांच्या भारवाहक भिंतींसाठी १९०५ क्रमांकाच्या भारतीय मानकात स्पष्ट मर्यादा आहे. उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून खोल नको आणि आडवी खाच एक षष्ठांशाहून खोल नको. फ्लॅटमधल्या आतल्या भिंती बहुधा भार वाहत नाहीत, तो बीम-कॉलम वाहतात. पण हे माप तिथेही डोळ्यांसमोर ठेवावे, कारण त्याने एक गोष्ट चटकन उलगडते. आतली भिंत चार इंची, म्हणजे १०० मिलिमीटर. तिचा एक तृतीयांश ३३ मिलिमीटर. उभ्या खाचेत २० किंवा २५चा पाइप बसतो आणि वर थोडा गिलावाही येतो. तिचाच एक षष्ठांश जेमतेम १७ मिलिमीटर. आडव्या खाचेत साधा २०चा पाइपही मावत नाही. म्हणजे चार इंची भिंतीत आडवा पाइप नेणे हिशेबातच बसत नाही. तरीही एका पॉइंटवरून दुसऱ्या पॉइंटला जाण्याचा तोच जवळचा रस्ता म्हणून भिंती कमरेइतक्या उंचीवर आडव्या कापल्या जातात, आणि पुढे त्या रेषेवर गिलाव्याला लांबच लांब भेग येते. त्यात दोन्ही बाजूंच्या खोल्यांनी समोरासमोर बोर्ड मागितले तर भिंतीला आरपार भोकच पडते. बोर्ड एका बाजूला हातभर सरकवला की हा प्रश्न सुटतो.

आडवे जायचे ते वर, छताजवळून किंवा जमिनीच्या टाइल्सखालून, आणि मग सरळ खाली किंवा सरळ वर बोर्डात उतरायचे. हा दंडक पाळण्याचे दुसरे कारण आणखी मोठे आहे. पाच वर्षांनी कोणी तरी त्या भिंतीवर गणपतीचा फोटो लावायला ड्रिल घेऊन उभे राहणार आहे. पाइप ओळंब्यात असेल तर बोर्ड पाहूनच त्याला कळते की याच्या थेट वर आणि खाली भोक पाडायचे नाही. तिरका गेलेला पाइप ओळखायला काहीच खूण नसते. भिंतीतला धातू आणि चालू वीज दाखवणारी यंत्रे मिळतात, पण पीव्हीसी पाइपात शिरलेली, त्या क्षणी बंद असलेली वायर त्यांना दर वेळी सापडतेच असे नाही. त्यामुळे गिलावा करण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवावा. फोटोत मोजपट्टी दिसली पाहिजे. तिचे एक टोक कोपऱ्याला, दुसरे पाइपाला, आणि जमिनीपासूनचे अंतर वेगळ्या फोटोत. नुसता पाइपांचा फोटो काढला तर दोन वर्षांनी तो कुठल्या भिंतीचा हेही सांगता येत नाही.

खाच बुजवतानाही घाई नको. आत धूळ असताना माल भरला तर तो धरत नाही. खाच पाण्याने ओली करून, पाइप जागोजाग पक्का करून, मग सिमेंटचा माल भरावा आणि वर कोंबडजाळी, म्हणजे चिकन मेश, दोन्ही काठांवर चार-चार बोटे जाईल अशी ठोकून गिलावा करावा. जाळी टाळली की पहिल्या उन्हाळ्यात खाचेच्या दोन्ही काठांवर केसासारख्या दोन भेगा उमटतात.

बीम आणि कॉलम यांना मात्र कटर लावायचाच नाही. ‘अर्धा इंचच कापतोय’ हे वाक्य कामावर फार सहज म्हटले जाते. कॉलममध्ये सळईवर साधारण ४० मिलिमीटर काँक्रीटचे आवरण असते आणि तेच सळईला गंजापासून वाचवते. त्यात खाच पाडली की दमट हवेला सळईपर्यंतचा रस्ता आखूड होतो. मुंबई, रत्नागिरी, पणजीसारख्या खाऱ्या हवेच्या गावांत ही चूक लवकर बाहेर पडते. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटच्या खपल्या पडू लागतात.

सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंती कापायला सोप्या असतात. तिथे हातोडा न लावता कटर आणि हातखवणी वापरली की काम सफाईने होते. मिवान पद्धतीच्या टॉवरांत गोष्ट अगदी उलटी आहे. तिथे ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंतीही काँक्रीटच्याच ओततात, पाइप आणि बोर्डांचे डबे त्यात आधीच घातलेले असतात, आणि त्या भिंती इमारतीचा भार वाहतात. म्हणजे ज्या भिंतीला आपण साधी भिंत समजतो ती खरे तर कॉलमच असते. तिथे नवा पॉइंट हवा असेल तर तो बाहेरून केसिंग-कॅपिंगच्या पट्टीतूनच न्यायचा, दुसरा मार्ग नाही. ताबा घेताना मोकळे पाइप किती ठेवलेत आणि त्यांची तोंडे कुठे आहेत हे विचारून घ्यावे.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या जांभ्याच्या घरांत तर मी बाहेरच्या पट्टीचाच पुरस्कार करीन. चिरा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात ओल धरतो. जुनी बांधणी मातीच्या कामाची असेल तर कटरच्या हादऱ्याने सांधे सुटतात. अशा घरात माळ्यावर तुळया आणि वासे असतात. त्यांच्या कडेने सॅडल ठोकून कडक पाइप नेला, खाली फक्त बोर्डाजवळ उभी केसिंग-कॅपिंगची पट्टी आणली, आणि तिला भिंतीचाच रंग दिला, की आठ दिवसांत डोळ्यांना ती दिसेनाशी होते. पट्टी दाराच्या चौकटीला लागून, कोपऱ्यातून किंवा तुळईच्या खालच्या कडेने न्यावी. भिंतीच्या मध्यातून कधीही नेऊ नये. माळ्यावरून वायर मोकळी टाकण्याचा मोह आवरावा, कारण तिथे उंदीर असतात आणि पीव्हीसीचे आवरण ते कुरतडतात. कौलारू घरात लाकडाच्या शेजारी उघडी पडलेली तांब्याची तार म्हणजे आगीला आमंत्रण.

शहरातल्या घरांत सध्या सगळ्यात जास्त गडबड फॉल्स सिलिंगच्या वर चालते. तिथे काय आहे ते कोणाला दिसत नाही, त्यामुळे कसेही केले तरी चालते असा समज आहे. जिप्समच्या पाट्या लावण्यापूर्वी एकदा शिडीवर चढून वर टॉर्च मारावा. वायरी सिलिंगच्या पत्र्याच्या चॅनेलवर नुसत्या टाकलेल्या दिसतील, जोड पिळून काळी पट्टी गुंडाळलेले दिसतील, आणि चॅनेलची धारदार कड एखाद्या वायरीवर टेकलेली असेल. पाटी ठोकणारा माणूस खालून स्क्रू मारतो, तो वर कशात जातो हे त्याला दिसत नाही. योग्य पद्धत अशी आहे. पाइप स्लॅबलाच सॅडलने घट्ट बसवायचा, चॅनेलपासून वर. प्रत्येक दिव्याच्या जागी एक डबी, डबीपासून दिव्यापर्यंत थोडा लवचीक पाइप आणि हातभर जादा वायर. जोड फक्त डबीत, आणि तो टेपने न करता कनेक्टरने. एलईडीचे ड्रायव्हर दिव्यांच्या आधी जातात, त्यांच्यापर्यंत दिव्याच्या भोकातून हात पोचला पाहिजे. जिथे पोचत नाही तिथे एक झडप ठेवावी. चौकोनी झडप छतात दिसते म्हणून इंटिरियरवाले ती टाळतात. पुढे ड्रायव्हर गेल्यावर सिलिंगच कापावे लागते, आणि तो जोड झडपेपेक्षा ठळक दिसतो.

सिलिंगच्या वरची वायर एफआरएलएस प्रकारची असावी, म्हणजे आग पसरू न देणारी आणि कमी धूर करणारी. साधे पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सोडते, तो घशाला आणि डोळ्यांना झोंबतो, आणि बंद खोलीत माणसाला दार शोधू देत नाही.

घरातल्या विजेच्या मुख्य वायरिंगचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. इंटरनेट, टीव्ही, कॅमेरा यांच्या केबल मात्र हौशी माणूस स्वतः ओढू शकतो, आणि आजकाल सगळ्यात विस्कळीत दिसतात त्याही याच. इमारतीत फायबर येतो तो डक्टमधून, आणि घरात शिरतो तो बहुधा खिडकीच्या फटीतून, दाराच्या चौकटीला वळसा घालून. कंपनीचा माणूस जो रस्ता मोकळा दिसेल तो धरणार, त्याचा दोष नाही. घराच्या दारापासून राउटर ठेवायच्या जागेपर्यंत एक रिकामा २५चा पाइप असता तर त्याने त्यातूनच केबल नेली असती. फायबरची काच केसाएवढी असते. आतला प्रकाश काचेच्या कडेवर तिरका आदळून परत आत फिरतो, म्हणून तो पुढे जात राहतो. तीव्र वळणावर तो कडेवर सरळ आदळतो आणि बाहेर निसटतो. घरगुती जोडणीसाठी जी-६५७ ए२ जातीचा फायबर ७.५ मिलिमीटर त्रिज्येपर्यंतचे वळण सोसतो. जुना जी-६५२ जातीचा फायबर ३० मिलिमीटर मागतो. खिळ्याला अडकवून काटकोनात दुमडलेला फायबर दोन्हींत बसत नाही.

मिवानच्या घरात वायफाय एका खोलीतून दुसरीत धड पोचत नाही, कारण मध्ये लोखंडाच्या जाळीसकट काँक्रीट असते. तिथे महागडा राउटर घेण्यापेक्षा दिवाणखान्याच्या किंवा पॅसेजच्या छतापर्यंत एक कॅट-६ केबल नेऊन तिथे ॲक्सेस पॉइंट लावलेला बरा. ही केबल साधारण ६ मिलिमीटर जाड असते, तिचे वळण जाडीच्या चौपट त्रिज्येहून तीव्र नको, आणि तिच्यावर अकरा किलोपेक्षा जास्त ताण द्यायचा नाही. ताण जास्त झाला तर आतल्या जोड्यांचा पीळ सैल होतो, आणि सगळी करामत त्या पिळातच असते. बाहेरून येणारा गोंगाट जोडीच्या दोन्ही तारांवर सारखाच पडावा आणि दुसऱ्या टोकाला वजा होऊन जावा, म्हणून तो पीळ. विकत घेताना टोक सोलून तार ब्लेडने खरवडावी. आत चांदीसारखा पांढरा रंग निघाला तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे, तशीच परत द्यावी. भिंतीत गाडायच्या वस्तूत ती बचत करू नये.

विजेच्या वायरी आणि डेटाच्या केबल एकाच पाइपात कधीही घालू नयेत. गोंगाटाचा प्रश्न आहेच, पण खरी भीती दुसरी आहे. विजेच्या वायरीचे आवरण खरचटले तर २३० व्होल्ट थेट राउटरच्या आणि तुमच्या हातातल्या केबलवर येतात. समांतर जाताना पंधरा-वीस सेंटिमीटर अंतर ठेवावे, एकमेकींना ओलांडायचेच असेल तर काटकोनात ओलांडावे.

टीव्हीच्या मागचा पाइप हा वेगळा विषय आहे. एचडीएमआयचे धातूचे टोकच सुमारे १४ मिलिमीटर रुंद असते आणि त्याच्याभोवतीचा रबरी भाग धरला तर २०च्या आसपास जाते. २० मिलिमीटरच्या पाइपाची आतली पोकळी १६-१७ मिलिमीटर. टोक कापून परत जोडता येत नाही. म्हणून टीव्हीच्या मागून खालच्या कपाटापर्यंत दोन इंची पाइप उभा गाडावा. एवढ्या जाड पाइपाला चार इंची भिंत पुरत नाही, तिथे पुढे लाकडी पॅनेल घेऊन पाइप त्याच्या मागे ठेवावा.

प्रत्यक्ष ओढायची वेळ आली की नायलॉनची किंवा पोलादी स्प्रिंग पाइपात घालतात. ती अडली तर एक जुनी शक्कल चालते. पिशवीच्या प्लास्टिकचा छोटा गोळा बारीक दोऱ्याला बांधून एका तोंडात ठेवायचा, दुसऱ्या तोंडाला व्हॅक्यूम क्लीनर लावून फट कापडाने बंद करायची. दोरा सुर्रकन येतो, त्याला जाड नायलॉन बांधायचा आणि त्याला केबल. गाठ मारण्यात खरे कसब आहे. चार वायरी असतील तर चारही एकाच जागी दुमडू नयेत. एक पुढे, दुसरी बोटभर मागे, तिसरी आणखी मागे, अशा उतरत्या बांधून वर टेप गुंडाळावी, म्हणजे टोक गाजरासारखे निमुळते होते आणि बेंडच्या सांध्यात अडकत नाही. वायरीला टाल्कम पावडर चोळावी. तेल किंवा ग्रीस लावू नये, त्याने पीव्हीसी खराब होते. साबणाचे पाणी पाइपात राहून जाते, तेही नको. एकाने आत सारायचे, एकाने ओढायचे, आणि दोघांनी एकाच वेळी. एकटा माणूस फक्त ओढत राहिला तर आत वायरींचा गुंता होतो. जुनी वायर बदलताना तीच जुनी वायर दोरीसारखी वापरता येते, फक्त तिच्या टोकाला नवीन वायरीबरोबर एक नायलॉनही बांधावा आणि तो तसाच पाइपात सोडून द्यावा. पुढच्या वेळी स्प्रिंगची गरज पडत नाही.

एक गोष्ट महाराष्ट्रातल्या पावसाची. वरच्या मजल्यावरच्या घरांत मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर कधी कधी पंख्याच्या बुडख्यातून पाणी ठिबकते. लोक म्हणतात छत गळते. खरे तर गच्चीतल्या भेगेतून उतरलेले पाणी स्लॅबमधल्या पाइपाच्या सांध्यातून आत शिरते आणि पाइपाच्या उताराने वाहत जिथे तोंड उघडे सापडेल तिथे बाहेर पडते, त्यामुळे गळती एका खोलीवर असते आणि पाणी दुसऱ्याच खोलीत दिसते. कधी ते थेट बोर्डात उतरते. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, असेल तर तो अशा वेळी वारंवार पडतो, आणि तो पडतो म्हणून काढून टाकणारी माणसे मी पाहिली आहेत. तसे मुळीच करू नये, तो आपले काम चोख करतो आहे. त्या खोलीचा एमसीबी खाली पाडावा, वायरमनला बोलावून कोणत्या वायरीतून विजेची गळती होते ते मोजून घ्यावे. गच्चीचे वॉटरप्रूफिंग आधी, वायर नंतर. पाइपातून व्हॅक्यूम क्लीनर किंवा ब्लोअर फिरवून तो आतून सुकवावा, दोरीला बांधलेला फडका एकदा ओढून पाहावा, आणि फडका कोरडा आला की मग नवी वायर घालावी. पाइप धड असेल आणि आत नायलॉन सोडलेला असेल तर एका खोलीला अर्धा दिवस पुरतो.